प्रयोजन : छाती

मराठी भाषेनं छातीच्या बाबतीत उघडउघड पक्षपात केलेला आहे. पुरुषाची छाती असली की ती चारचौघांत मिरवता येते. 'काय छाती आहे गड्याची!', 'छातीठोकपणे सांगतो', 'छातीचा कोट करून लढला', अशी वाक्यं शाळेतल्या निबंधापासून प्रचाराच्या सभेपर्यंत कुठंही खपतात. पण तोच अवयव बाईचा असला, की बोलणारा एकदम छतावरच्या पंख्याकडे बघू लागतो. आमच्याकडे तर 'छातीत गाठ' हे दोन शब्दसुद्धा बायका एकमेकींच्या कानात सांगतात आणि त्याही दार लोटून घेतल्यावर.

अशा या अवयवावर शस्त्रक्रिया करून त्याचा आकार कमीजास्त करता येतो, आणि ती बायकाच नव्हे तर पुरुषही करून घेतात, हे ऐकल्यावर सभ्य माणसाचे दोनच उद्गार असतात. पहिला, 'शी!' आणि दुसरा, जरा वेळानं, आवाज खाली आणून, 'खर्च किती येतो हो?'

आता तुम्ही विचाराल, की बी.कॉम. झालेल्या, चंद्रपूरच्या एका बँकेत खर्डेघाशी करणाऱ्या माणसाचा या विषयावर बोलण्याचा अधिकार काय? अधिकार एवढाच, की गेली वीस वर्षं लोक माझ्या टेबलावर कर्जाचे अर्ज आणून ठेवतात आणि 'प्रयोजन' या रकान्यापाशी येऊन अडखळतात. माणसाला पैसे किती हवेत ते पाठ असतं, कशाला हवेत ते मात्र लिहवत नाही. मग तो 'म्हैस' लिहून मोकळा होतो. आमच्या जिल्ह्यात कर्जाच्या कागदांवर जेवढ्या म्हशी आहेत तेवढ्या खरोखर गोठ्यात असत्या, तर ताडोब्याचे वाघ एव्हाना डाएटवर गेले असते.

तर प्रश्न प्रयोजनाचा आहे. देहाचं रूप सुधारणं ही गरज की चैन? तत्त्वज्ञांनी यावर पोथ्या लिहिल्या असतील. पण विमा कंपन्यांनी आणि सरकारनं तो दोनदोन ओळींत सोडवला आहे. तुमची मेडिक्लेमची पॉलिसी काढून बघा. कॉस्मेटिक किंवा प्लॅस्टिक सर्जरीचे पैसे मिळणार नाहीत असं त्यात लिहिलेलं असतं, आणि पुढे अपवाद असतात : अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांच्यानंतर पुन्हा घडवलेला अवयव, किंवा जिवाला खरोखर आवश्यक असलेला उपचार. जीएसटीचंही तसंच. २०१७ च्या अधिसूचनेनं दवाखान्याच्या सेवेला करमाफी दिली, पण केस लावून घेणं आणि रूप सुधारणारी शस्त्रक्रिया यांना वगळलं. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा इजा यांच्यासाठी ती केली असेल तर मात्र माफी आहे. थोडक्यात, मोडलेलं दुरुस्त केलंत तर ते औषध आणि धडधाकट असलेलं सजवलंत तर ती चैन. गाडीच्या गॅरेजात इंजिनचं काम वेगळं आणि डेंटिंग-पेंटिंग वेगळं असतं, तसा हा हिशेब.

हिशेब मला कॉमर्सवाला म्हणून फार आवडला. पण जमेच्या बाजूला काय आणि खर्चाच्या बाजूला काय मांडायचं, इथंच घोडं पेंड खातं. कारण 'मोडलेलं' म्हणजे काय, हे कुणी ठरवायचं?

प्लॅस्टिक सर्जरीचा जन्मच मुळी या गोंधळात झाला. रामायणाचं युद्ध शूर्पणखेच्या नाकावरून पेटलं. तिचं नाक कापलं गेलं तो दंडकारण्याचा मुलूख आमच्या गडचिरोलीच्या जंगलापर्यंत पसरलेला होता, असं इकडचे लोक अभिमानानं सांगतात. मला नेहमी वाटतं, सबंध सोन्याच्या लंकेत एखादा बरा सर्जन असता तर रावणाचा वंश वाचला असता. पुराण सोडा, इतिहास घ्या. इंग्रजांच्या फौजेसाठी बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी मुलखातला गाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची चित्रासह हकिकत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जननं १८१४ मध्ये तिकडे तेच ऑपरेशन केलं. म्हणजे साहेबाचं नाक आमच्या वीटवाल्यानं वर केलं!

आता बघा, बिननाकाच्या माणसाला बैल हाकता येतात. बैल काही त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत. मग कावसजीला नाक कशाला हवं होतं? बैलांसाठी नव्हे, माणसांसाठी. आजच्या विमा कंपनीकडे त्याचा दावा आला असता, तर टिपूनं कापलेलं नाक 'अपघात' या सदरात बसतं की नाही, यावर तिनं निदान दोन वर्षं पत्रव्यवहार केला असता.

लांब कशाला जायचं? आमच्याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन उभारलं. कुष्ठरोगाचे जंतू औषधानं मरतात, रोगी बरा झाल्याचा कागद मिळतो. पण गळालेल्या भुवया परत येत नाहीत, बसलेलं नाक वर येत नाही. म्हणून सर्जन लोक डोक्याची केसाळ कातडी घेऊन भुवईच्या जागी लावतात. आता मला सांगा, भुवई नाही म्हणून कुणाचं पोट दुखतं? धान्य निवडायला, विहीर खणायला भुवई लागते? नाही. पण भुवई नसलेल्या माणसासमोर खानावळीतला पोऱ्या ताट ठेवताना हात मागे घेतो. भुवई आली की ताट नीट येतं. ही चैन म्हणायची, की औषध?

बरं, छातीकडे येऊ. पंख्याकडे बघायची गरज नाही, मी सभ्यपणानंच लिहिणार आहे.

यातले प्रकार तीन-चारच. कॅन्सरमुळे बाईचा स्तन काढावा लागला, तर नवा घडवता येतो. १८९५ साली चेर्नी नावाच्या जर्मन सर्जननं एका बाईच्या अंगावरचीच चरबीची गाठ काढून स्तनाच्या जागी बसवली होती. आता पोटाची कातडी आणि चरबी वर नेतात, किंवा सिलिकॉनची पिशवी बसवतात. आमच्या भाषेत सांगायचं तर पहिला प्रकार म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग करणं आणि दुसरा म्हणजे बाहेरून ठेव आणणं. दुसरा प्रकार, भार कमी करण्याचा. काही बायकांच्या छातीचं वजन इतकं असतं, की मान, पाठ आणि खांदे रात्रंदिवस दुखतात आणि खांद्यावर पट्ट्यांचे चर पडतात. त्यातला मेद आणि कातडी कमी केली की दुखणं थांबतं. लोक मात्र तिलाच 'फॅशन' म्हणतात. तिसरा, आकार वाढवण्याचा. आणि चौथा पुरुषांचा. वयात येताना बऱ्याच मुलांच्या छातीत गाठीसारखी वाढ होते आणि बहुधा दोनेक वर्षांत आपोआप जिरते. काहींची जिरत नाही. मग कितीही जोर काढले तरी खालचा स्नायू तेवढा फुगतो, वरची गाठ तशीच राहते. हा काही आजचा चोचला नव्हे बरं का. पॉल नावाच्या ग्रीक वैद्यानं सातव्या शतकातच पुरुषांच्या छातीवरच्या या ऑपरेशनाची कृती लिहून ठेवली आहे. सिलिकॉनची पहिली पिशवी बाईला बसली ती थेट १९६२ साली. म्हणजे छाती सुधारून घेण्यात पुरुषांचा नंबर तेराशे वर्षं आधी लागलेला आहे!

हे सगळं मी वाचून काढलं त्याला कारण आमच्या पतसंस्थेचा एक अर्ज. बँकेच्या कर्मचाऱ्यांची ही छोटी पतसंस्था आहे आणि तिचा बिनपगारी सचिव मी. एक दिवस आमचा शिपाई पन्नास हजारांच्या कर्जाचा अर्ज घेऊन आला. दोन जामीनदार, सही, सगळं ठीक. प्रयोजन कोरं.

"कशाला हवेत रे पैसे?"

"पोराच्या आपरेशनले जी."

"काय झालं पोराला?"

तो उगाच इकडेतिकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "साहेब, पोरगा रोज पहाटे पाचले उठून धावते. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढते. पण पोलीस भरतीचा दिवस आला का घरीच बसते. तिथं शर्ट काढा लागते ना जी. पोट्टे हासतेत त्याले."

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत पोलीस भरती म्हणजे काय असते, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. पहाटे कुठल्याही रस्त्यावर जा, पोरं धावत असतात. कारखान्यात जागा नाही, शेतीला पाणी नाही, उरली ती वर्दी. आणि भरतीचा नियम म्हणजे छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून निदान ५ जास्त. टेप घेऊन मोजतात, शेकडो पोरांच्या रांगेत, उघड्या अंगानं. ज्या पोरानं सातवीपासून कधी चारचौघांत सदरा काढला नाही, विहिरीवर नाही, तलावावर नाही, त्याची छाती टेपनं मोजायची होती.

अर्ज समितीपुढे गेला. चेअरमन म्हणाले, "हे सौंदर्यप्रसाधनात मोडतं. उद्या कुणी पावडर-लिपस्टिकसाठी अर्ज करील." चेअरमनसाहेबांनी मागच्याच महिन्यात नवी कवळी बसवली होती, आणि मोत्यासारखे बत्तीस दात दाखवत ते हे बोलत होते. हेड कॅशियरनी दुजोरा दिला. हे गृहस्थ निवृत्तीला आले आहेत, पण त्यांचे केस इतके काळेभोर की कोळसा खाणवाल्यांनी रॉयल्टी मागावी. माझ्यापुरतं सांगायचं, तर माझ्या डोक्याच्या डाव्या शाखेतले सतराएक केस मी रोज सकाळी उजव्या शाखेत प्रतिनियुक्तीवर पाठवतो. म्हणजे त्या टेबलाभोवती देवानं दिलेलं रूप जसंच्या तसं घेऊन बसलेला एकही पुरुष नव्हता, आणि आम्ही एका वीस वर्षांच्या पोराची गरज खरी की खोटी ते ठरवत होतो. माणसाची ही गंमतच आहे. गरज आणि चैन यांच्यामधली रेघ प्रत्येक जण आपल्या गरजेच्या बरोबर पलीकडे मारतो.

समितीत ठेव विभागातल्या मॅडम होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचं नागपूरला कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. एक बाजू काढावी लागली. त्या परत कामावर आल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांच्या केसांची चौकशी केली, वजनाची केली, भुकेची केली. ज्याची करायची त्याची कुणी केली नाही. ती करायला आमच्याजवळ शब्दच नव्हता. मघाशी सांगितलेला भाषेचा पक्षपात तो हा.

मॅडम सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "माझा जीव वाचला म्हणून घरच्यांनी पेढे वाटले. पुन्हा घडवून घेता येतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं. तेसुद्धा रेल्वेत, शेजारी बसलेल्या बाईकडून. मी नाहीच करून घेतलं. मला पुन्हा टेबलावर झोपायचं नव्हतं. पण 'नको' म्हणायची संधी तरी कुणी द्यायला हवी होती ना? या पोरानं निदान तोंड उघडून मागितलंय."

कुणी काही बोललं नाही. चेअरमननी दात झाकले. कर्ज एकमतानं मंजूर झालं. प्रयोजनाच्या रकान्यात काय लिहायचं यावर मात्र अर्धा तास गेला. 'वैद्यकीय' लिहा, कुणी म्हणालं 'शैक्षणिक' लिहा, कुणाला म्हैस आठवली. शेवटी दारात उभा असलेला शिपाईच म्हणाला, "छातीसाठी लिवा ना साहेब. खरं ते लिवा." मी लिहिलं.

पोराचं ऑपरेशन नागपूरला झालं. विदर्भाचं भाग्य असं, की नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बाळकृष्णन यांनी १९५० च्या दशकातच प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. तेव्हापासून या विद्येला तिकडे बैठक आहे. काही आठवडे पोराला घट्ट जाकीट घालून राहावं लागलं, तेही आमच्या उन्हाळ्यात, जिथं पारा ४६-४७ पर्यंत चढतो आणि माणसाला स्वतःची कातडीही नकोशी होते. आता गोष्टीच्या नियमानं तो पोलीस व्हायला हवा. तो झाला नाही. मैदान मारलं, पण लेखी परीक्षेत गणितानं मारलं. छातीला सर्जन आहे, त्रैराशिकाला नाही. मात्र मूलकडच्या त्यांच्या गावी तो पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला तलावात उतरला, उघड्या अंगानं, असं त्याच्या बापानं मला मुद्दाम कॅश काउंटरपाशी येऊन सांगितलं. पन्नास हजारांचा परतावा एवढाच. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

आता याची दुसरी बाजूही खतवायला हवी, नाहीतर ताळेबंद जुळायचा नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला सिलिकॉनची पहिली पिशवी ज्या टिमी जीन लिंडसे या बाईंना बसवली, त्या मुळात दवाखान्यात गेल्या होत्या अंगावरचं गोंदण काढायला. डॉक्टरांनी हा प्रयोग सुचवला. त्या म्हणाल्या, मला तर माझे पुढे आलेले कान मागे घ्यायचेत. मग ठरलं, की छातीही करायची आणि कानही. गरज होती कानांची, डॉक्टरांना दिसली छाती! पुढे या एका पिशवीचा जगभर धंदा झाला. धंदा म्हटला की पाण्यात दूध आलंच. फ्रान्समधली पीआयपी ही कंपनी औषधी सिलिकॉनऐवजी कारखान्यातलं स्वस्त सिलिकॉन भरत होती. २०१० साली ते उघडकीला आलं आणि २०१३ मध्ये तिच्या मालकाला चार वर्षांची शिक्षा झाली. चांगल्या मालाचीही जन्माची हमी नसते. पिशवी फुटू शकते, भोवती कडक कवच धरू शकतं, काही वर्षांनी बदलावी लागू शकते. मुदत ठेवीसारखं ते प्रकरण आहे. नूतनीकरणाची तयारी ठेवावी लागते. हे सगळं कळून-सवरून एखाद्या जाणत्या बाईला स्वतःच्या पैशानं ते हवं असेल, तर माझी हरकत नाही. तिनं पैठणी घेतली तेव्हा मी प्रयोजन विचारलं नव्हतं. पण जाहिरात आधी खोट दाखवते आणि मग इलाज विकते, तेव्हा मात्र अर्ज पुन्हा तपासायला हवा.

आणि सरकारनं खर्च करावा का? २०१८ साली तामिळनाडू सरकारनं चेन्नईच्या स्टॅनले मेडिकल कॉलेजात ही शस्त्रक्रिया फुकट देऊ केली. सौंदर्याचा उपचार गरिबांना का मिळू नये, असा सवाल तिथल्या तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी केला. टीका भरपूर झाली, की जीव वाचवायचे पैसे इकडे कशाला? मी गडचिरोलीच्या शेजारी राहतो. भामरागडकडे पावसाळ्यात नाला भरला की बाळंतिणीला खाटेवर घालून पलीकडे न्यावं लागतं. तेव्हा ही टीका मला हसण्यावारी नेता येत नाही. पण वीस वर्षं काउंटरवर बसून मी एक गोष्ट शिकलो आहे. रांगेत पुढं-मागं असतं. 'तुमचा नंबर नंतर' असं माणसाला सांगता येतं. 'तुमचं काम खोटं आहे' असं सांगून त्याला रांगेतून हाकलता येत नाही. नाल्यापलीकडची बाळंतीण आधी, हे त्या पोरानंही ऐकलं असतं. तो फक्त टोकन मागत होता.

राहता राहिला जखमेचा प्रश्न. विम्याला अपघात चालतो, भाजणं चालतं, कॅन्सर चालतो. 'पोट्टे हासतेत' हे कुठल्याच यादीत नाही. पण कावसजीचं नाक टिपूच्या माणसांनी कापलं, तसं या पोराचं काय कापलं गेलं आणि कुणी कापलं? गावच्या तलावावरच्या, शाळेच्या मैदानावरच्या, तुमच्या-आमच्यासारख्या सज्जन माणसांनी, आणि तेही काही हत्यार न घेता. सर्जन एका पोराची छाती नीट करतो, तोवर आम्ही दुसरीकडे चौघांना सदरा घालायला लावलेला असतो.

म्हणून आमच्या पतसंस्थेच्या पुढच्या सभेत मी एक ठराव मांडणार आहे. अर्जात प्रयोजनाच्या खाली आणखी एक रकाना घालावा : 'सदर कर्ज कोणाच्या हसण्यापायी काढावे लागत आहे?' आणि जामीनदार म्हणून त्यांच्याच सह्या घ्याव्यात. ठराव मंजूर होईल असं मला वाटत नाही. एवढ्या जामीनदारांची नावं मावतील असा कागद आमच्या बल्लारपूरच्या पेपर मिलमध्येसुद्धा निघायचा नाही.